मे महिन्याच्या सुट्टीत कोरिया: मालिकांच्या वेडातून पहिला मोठा प्रवास कसा आखावा

मी सांगलीत माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. कोरियन मालिकांचं वेड घरात आधी आईला लागलं, मग मला. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही दोघी तेवीस दिवस कोरियात राहून आलो. आईचं वय सदुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, आहार शाकाहारी. माझा परदेशाचा हा पहिलाच प्रवास. आल्यापासून स्टाफरूममध्ये, लग्नाकार्यात, भाजी घेताना एकच प्रश्न येतो: "आम्हालाही जायचंय गं, सुरुवात कुठून करू?" म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

सुरुवात मालिकांपासूनच करा, पण दोनच मालिका निवडा. फार तर तीन.

माझ्या पहिल्या यादीत एकोणीस मालिका आणि चौतीस जागा होत्या. नकाशावर टिंबं मारली तेव्हा दिसलं, की एवढ्या जागा बघायच्या तर तेवीस दिवसांतले पंधरा गाडीतच जाणार. मग आईला विचारलं, "यातलं कुठलं गाव तुला आपलं वाटतं?" तिने क्षणभरही विचार केला नाही. 'होमटाउन चा-चा-चा'मधलं समुद्राकाठचं गाव, आणि 'व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरीन्स'मधलं जेजू बेट. माझ्याकडून मी 'गॉब्लिन'मधला समुद्रातला बांध घातला. झाली आखणी. सोल, बांधासाठी गांगनुंग, समुद्राकाठच्या गावासाठी पोहांग, आणि जेजू. बाकी सगळं खोडलं, आणि त्याचं एकदाही वाईट वाटलं नाही.

ठिकाणं शोधताना एक शब्द फार उपयोगी पडतो: छ्वारयोंगजी, म्हणजे चित्रीकरणाची जागा. इंग्रजीत शोधलं की त्याच त्या दहा जागा येतात. मालिकेचं मूळ कोरियन नाव कॉपी करून त्यापुढे हा शब्द कोरियन लिपीत जोडा आणि नेव्हर या त्यांच्या सर्च इंजिनवर शोधा. गल्लीबोळांपर्यंतची माहिती मिळते. जागा खरी आहे की सेट होता, हेही तेव्हाच तपासा. 'रिप्लाय १९८८'मधली गल्ली शोधायला कितीतरी जण सांगमुन-दोंगला जायचं ठरवतात. पण ती गल्ली सेटवर उभारलेली होती. तिथे जाऊन ती घरं सापडायची नाहीत.

आपला उन्हाळा, त्यांचा वसंत

हा माझा विषय, म्हणून थोडं सविस्तर सांगते. उन्हाळी सहल म्हटलं की जून-जुलैची तिकिटं स्वस्त दिसतात आणि माणूस भुलतो. कोरियात जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस सुरू होतो. त्याला ते चांगमा म्हणतात. दक्षिणेकडच्या जेजूला तो चार-पाच दिवस आधी पोचतो, मग वर सरकतो, आणि जुलैच्या उत्तरार्धापर्यंत मुक्काम ठोकतो. त्यानंतर ऑगस्टमध्ये मुंबईसारखा घाम काढणारा उकाडा, वर एखाद्या वादळाची शक्यता. म्हणजे कोरियन उन्हाळ्यात गेलात तर आपला उकाडा संपवून त्यांचा उकाडा पदरात घ्याल.

आपली शाळेची सुट्टी नेमकी त्यांच्या वसंतात येते. मे महिन्यात सोलला दुपारी बावीस-तेवीस अंश, पहाटे तेरा-चौदा. चेरीचा बहर एप्रिलमध्येच संपलेला असतो, त्यावर पाणी सोडा. त्याबदल्यात डोंगर कोवळे हिरवे असतात, आणि मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात भातखाचरांत पाणी भरून लावणीची तयारी चाललेली असते. रेल्वेतून ती खाचरं बघून आई म्हणाली, "यांच्याकडे मृग आधीच आला की." एक मात्र खरं, मेच्या पहिल्या पंधरवड्यात पाइनच्या झाडांचे पिवळे परागकण सगळीकडे उडतात. बाकावर, गाड्यांच्या टपांवर हळदीसारखा थर बसतो. दम्याचा त्रास असेल तर मास्क आणि औषध हाताशी ठेवा.

माझी चूक झाली ती तारखांत. २०२५ मध्ये त्यांचा बालदिन आणि बुद्धजयंती दोन्ही ५ मेला आले, म्हणून ६ मेला बदली सुट्टी मिळाली. मागे शनिवार-रविवार. अख्खा देश प्रवासाला निघालेला. आम्ही ३ तारखेला उतरलो होतो आणि मी सोलचे दिवस पुढे टाकून ५ तारखेलाच गांगनुंगला जायचं ठरवलेलं. रेल्वेची एक जागा शिल्लक नव्हती. शेवटी बसने गेलो. जो रस्ता तीन तासांत संपायचा तो साडेपाच तास चालला, आणि आईचे पाय सुजले. तुम्ही असं करू नका. तिकडची बुद्धजयंती चांद्र पंचांगातल्या चौथ्या महिन्याच्या अष्टमीला असते, आपल्या बुद्धपौर्णिमेला नव्हे. २०२६ मध्ये ती २४ मेला, रविवारी आहे, म्हणजे २५ ला सुट्टी. त्या तीन दिवसांत गाव बदलू नका. जिथे असाल तिथल्या एखाद्या बौद्ध मंदिरात जा. रंगीत कागदी कंदिलांच्या रांगांनी अंगण झाकून गेलेलं असतं. रेल्वेची तिकिटं महिनाभर आधी खुली होतात. ज्या दिवशी खुली होतील त्याच दिवशी काढा.

व्हिसा आणि कागद

आपल्याला कोरियासाठी आधीच व्हिसा काढावा लागतो. काही देशांच्या लोकांना नुसत्या ऑनलाइन नोंदणीवर प्रवेश मिळतो, आपल्याला नाही. त्यामुळे बहिणीची अमेरिकन जाऊ काय म्हणते ते ऐकू नका. एकदाच प्रवेश देणारा पर्यटक व्हिसा मिळाल्यापासून तीन महिने चालतो. म्हणजे मेच्या प्रवासासाठी जानेवारीत अर्ज करून उपयोग नाही. मार्चचा पहिला पंधरवडा योग्य. एप्रिलमध्ये सुट्टीची गर्दी असते आणि वेळ लागतो.

अर्ज, फोटो, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, प्राप्तिकराची विवरणपत्रं, नोकरीचं प्रमाणपत्र, रजा मंजुरीचं पत्र, राहण्याची बुकिंग आणि रोजचा कार्यक्रम, एवढं लागलं. मुख्याध्यापकांचं पत्र शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत घ्या आणि त्यात 'अमुक तारखेला पुन्हा कामावर रुजू होतील' हे वाक्य असू द्या. आमचं स्टेटमेंट मी ऑनलाइन छापून नेलं होतं. त्यावर बँकेचा शिक्का नाही म्हणून परत पाठवलं, आणि बँकेत तो शिक्का मिळवायला दोन फेऱ्या पडल्या. शिक्का आणि सही घेऊनच मुंबईला जा. सांगलीहून दुसरी खेप म्हणजे रात्रीची रेल्वे आणि एक पूर्ण दिवस. आईचा खर्च मी करणार होते, म्हणून नातं दाखवणारा कागद आणि माझं पत्र तिच्या अर्जाला जोडलं.

विमानात बसण्याआधीच्या तीन दिवसांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरता येतं. ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं तर ते बंद करा. औषधांची इंग्रजी चिठ्ठी बरोबर ठेवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध मात्र घरीच राहू द्या, तिकडे ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. ताजी फळंही नेता येत नाहीत. ऐन हापूसच्या दिवसांत निघताना आईने पेटीकडे ज्या नजरेने पाहिलं ते मी विसरणार नाही. आंबे खाऊनच निघा.

लिपी शिका, खरंच शिका

लोक ट्रान्सलेटर ॲपच्या भरवशावर जातात. ॲप हवंच, पापागो नावाचं आहे, फोटोतला मजकूरही वाचतं. पण जायच्या महिनाभर आधी रोज वीस मिनिटं देऊन हांगुल शिकलात तर प्रवास निराळाच होतो. राजा सेजोंगने १४४३ मध्ये ही लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये ती लोकांसाठी जाहीर केली. मूळ व्यंजनं चौदा, स्वर दहा.

मराठी माणसाला ती सोपी का जाते ते सांगते. आपण शाळेत कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य शिकतो ना, तीच दृष्टी त्या अक्षरांच्या आकारात आहे. न काढताना जीभ वरच्या दातांमागे टेकते, तर अक्षर त्या वाकलेल्या जिभेसारखं. म साठी मिटलेल्या तोंडाचा चौकोन. आणि क ला एक रेघ वाढवली की ख, त ला वाढवली की थ, प ला वाढवली की फ. आईला हे कळलं तेव्हा ती फळ्यासमोरच्या पोरीसारखी खुलली. व्यंजन, स्वर आणि शेवटचं व्यंजन एकाच चौकटीत बसवायचं, म्हणजे आपल्या जोडाक्षरासारखं. वाक्यातही क्रियापद शेवटीच येतं. इंग्रजी स्पेलिंग वाचून गावाचं नाव उच्चारलंत तर टॅक्सीवाल्याला समजत नाही. हांगुलवरून उच्चारलंत तर पहिल्या फटक्यात समजतं.

शब्दही ओळखीचे भेटतात. बाबांना ते आप्पा म्हणतात. आमच्या वाड्यात दोन आप्पा होते. आणि खानावळीत वाढणाऱ्या बाईंना 'इमो' अशी हाक मारतात. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. आपण डबा देणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या बाईंना मावशी म्हणतो, तसंच अगदी. तरुण मुलीला किंवा अनोळखी माणसाला मात्र इमो म्हणू नका, 'चोगीयो' म्हणा, म्हणजे 'अहो, जरा ऐकता का'.

शाकाहारी माणसाने काय खायचं

प्रश्न मांसाचा नाहीच, मांस दिसतं. प्रश्न न दिसणाऱ्या मासळीचा आहे. रश्शाचं पाणी बऱ्याचदा म्योलची, म्हणजे सुक्या बोंबलासारख्या बारीक मासळीत उकळलेलं असतं. किमचीत, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीत, खारवलेली कोळंबी किंवा माशाचा अर्क पडतो. मालिकेत सगळे मिटक्या मारत खातात त्या तोकबोक्कीत, म्हणजे तांदळाच्या कांड्यांच्या तिखट पदार्थात, माशाच्या पिठाच्या पट्ट्या असतात. 'गोगी पेगो जुसेयो', मांस काढून द्या, एवढं म्हटलं तर मावशी गोश्त काढतील, पण रस्सा तोच राहील. मी कागदावर कोरियनमध्ये लिहून घेतलं होतं: मांस, मासे, कोळंबी, म्योलचीचं पाणी, माशाचा अर्क, काही चालत नाही, अंडं आणि दूध चालतं. हा कागद दाखवला की बाई आत जाऊन विचारून येत. दोनदा स्पष्ट सांगितलं, "आमच्याकडे तुमच्यासाठी काही नाही." त्या प्रामाणिकपणाचं मला बरंच वाटलं.

मग खाल्लं काय? बिबिम्बाप, म्हणजे भाज्या कालवलेला भात, गोश्ताशिवाय. बटाट्याची आणि मुगाची धिरडी. लाल चवळीसारख्या कडधान्याच्या गोड सारणाचे पदार्थ. मे महिन्यात बाजारात छामवे येतं, पिवळ्या सालीवर पांढरे पट्टे असलेलं छोटं खरबूज, काकडी आणि खरबुजाच्या मधल्या चवीचं. थोडं ऊन वाढलं की काही ठिकाणी खोंगुक्सु मिळू लागतं: दळलेल्या सोयाबीनच्या थंडगार, दाट दुधात शेवया. तुम्हीच मीठ घालायचं. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "उपासाला चालेल असं शांत आहे." एक दिवस सोलमध्ये मंदिरातलं जेवण घ्या. बौद्ध भिक्षूंचा स्वयंपाक कांदा-लसणाशिवाय असतो, मासळीचा प्रश्नच नाही. आमची वारकरी आजी सुखाने जेवली असती.

तरीही घरचं न्याच. आम्ही मेतकूट, भाजणी, दाण्याची चटणी, शेव आणि एक छोटा इलेक्ट्रिक कुकर नेला. तिकडचा तांदूळ चिकट, त्यामुळे मेतकूट-भात अप्रतिम होतो. आपले तीन पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत, दोन गोल पिनांचे बसतात. ॲडॅप्टर मुंबईतच घ्या. भाजून खाण्याच्या खानावळीत बऱ्याचदा किमान दोन माणसांची ऑर्डर लागते, एकटीने जाणार असाल तर हे लक्षात ठेवा. बाजूच्या छोट्या वाट्यांतल्या भाज्या पुन्हा मागितल्या तरी पैसे पडत नाहीत. टीप कुठेच द्यायची नाही.

सोल: सहा दिवस पुरे

इंचॉनहून विमानतळ रेल्वेने सोल स्टेशनला या. सगळीकडे थांबणारी गाडी तासभर घेते आणि स्वस्त असते. बस-मेट्रोचं टी-मनी कार्ड कुठल्याही चोवीस तास उघड्या दुकानात मिळतं, पण त्यात पैसे भरायला बऱ्याच ठिकाणी नोटा लागतात, म्हणून थोडे वॉन रोख ठेवा. आम्ही गेलो तेव्हा एका रुपयाला सोळा वॉन पडत होते. चालायच्या वाटा गुगल मॅपवर नीट निघत नाहीत. नेव्हर मॅप घ्या. आईसारखं कोणी बरोबर असेल तर स्टेशनच्या कुठल्या दाराशी लिफ्ट आहे, तेही त्यात दिसतं. मेट्रोत कोपऱ्यातल्या ज्येष्ठांच्या जागा रिकाम्या असल्या तरी तरुण बसत नाहीत. आईला मात्र लोक हाताने खूण करून तिथे बसवायचे.

ग्योंगबोक राजवाडा मंगळवारी बंद असतो. हानबोक, म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख, घालून गेलं तर तिकीट लागत नाही. आईने निळा घागरा निवडला आणि चार तास उतरवला नाही. बुकचोनमधल्या जुन्या घरांच्या गल्लीत लोक राहतात. तिथल्या सगळ्यात गर्दीच्या भागात पर्यटकांना सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढाच वेळ फिरता येतं, नंतर दंड आहे. नियम योग्यच आहे. आमच्या गल्लीत रोज हजार माणसं फोटो काढायला आली असती तर मीही भांडले असते. त्यापेक्षा संध्याकाळी नाकसान टेकडीवर जा. जुन्या नगरकोटाची भिंत आहे, १३९६ मधली, तिच्या कडेने चाला आणि खाली दिवे लागताना बघा. मालिकांमध्ये दोघं जण रात्री भिंतीशी बसून मनातलं बोलतात, ते हेच वातावरण.

आम्ही गेलो तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ३ जूनला होणार होती. चौकाचौकांत रंगीत जॅकेट घातलेले कार्यकर्ते रांगेत उभे राहून वाकून नमस्कार करत, ट्रकवर गाणी लागलेली. आई तर हरखलीच: "अगं, आपल्यासारखंच, फक्त धूळ नाही."

गांगनुंग: बांध आणि टोफू

सोलहून गांगनुंगला केटीएक्स ही वेगवान रेल्वे दोन तासांत नेते. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या आधी ही लाइन सुरू झाली. जुमुनजिनजवळचा 'गॉब्लिन'चा बांध म्हणजे समुद्रात गेलेला सिमेंटचा छोटा दांडा. असे किनाऱ्याला अनेक आहेत, हा नेमका कुठला हे रांग बघून कळतं. सकाळी सात वाजता जा. दहानंतर रांग लागते. लाट जोराची असेल त्या दिवशी टोकाला जाऊ नका, सिमेंट ओलं आणि शेवाळलेलं असतं.

पण गांगनुंगचं खरं धन छोदांग गाव. इथला टोफू समुद्राच्या पाण्याने जमवतात. छोदांग हे हो योप या सोळाव्या शतकातल्या अधिकाऱ्याचं टोपणनाव. कवयित्री हो नानसोल्होन त्याची मुलगी. तिचं स्मारक आणि जुनं घर पाइनच्या राईत आहे, ते बघून मग जेवायला जा. आम्ही सकाळी आठला गेलो. मावशींनी माझा कागद वाचला, मान हलवली, आणि साधा सुनदुबु, म्हणजे मऊ टोफू, आणला. पांढऱ्या वाडग्यात वाफाळलेला, दह्यासारखा थरथरणारा, भोवती पिवळसर निवळ पाणी. आधी काहीच घातलं नाही. चमचा घातला की चीक बसल्यासारखा तुटायचा, आणि जिभेवर आधी गोडसर, मग मागून किंचित खारट. बाजूला सोया सॉसची छोटी वाटी होती. आईने खरवसाची आठवण काढली, आणि ती अगदी बरोबर होती. या एका न्याहारीसाठी मी गांगनुंगला पुन्हा जाईन.

पोहांग: इथे चार रात्री द्या

१ जानेवारी २०२५ पासून पूर्वकिनाऱ्याने गांगनुंग ते बुसान थेट रेल्वे सुरू झाली आहे. तिने पोहांगला या. तीनेक तास लागतात. डावीकडची खिडकी मागा. मध्ये बोगदे आहेत, पण बोगद्यातून बाहेर पडलं की समुद्र अंगावर येतो.

पोहांग हे पोलादाचं शहर, पोस्को कंपनीचं. रात्री खाडीपलीकडे कारखान्याचे दिवे दिसतात. चा-चा-चावालं गाव शहरात नाही, उत्तरेला छोंगहाला आहे. मालिकेतल्या दुकानांच्या पाट्या बाजारात अजून आहेत. तो दर पाच दिवसांनी भरणारा खराखुरा बाजार आहे, तेव्हा बाजाराच्या दिवशीच जा. जमिनीवर पाला पसरून बसलेल्या आज्या, डोंगरातला पाला, सुकी मासळी, कुदळी. बसला ठरलेल्या वेळा असतात. परतीची बस किती वाजता, हे उतरतानाच ड्रायव्हरना विचारून ठेवा. आम्ही विचारलं नव्हतं, दीड तास थांब्यावर बसलो, आणि एका आजींनी आईला पिशवीतून मूठभर पाला दिला. दोघी आपापल्या भाषेत पंधरा मिनिटं बोलल्या. मी मध्ये पडले नाही.

दक्षिणेला गुर्योंगपो आहे, 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स'चं गाव. जपानी राजवटीतल्या घरांची गल्ली आणि तिथून टेकडीवर चढणारा तो प्रसिद्ध जिना. त्या जिन्याच्या दोन्ही कडांचे दगडी खांब जरा निरखून बघा. त्यांवर आधी जपानी लोकांची नावं कोरलेली होती. स्वातंत्र्यानंतर गावकऱ्यांनी ते खांब उलटे फिरवले, जुनी नावं सिमेंटने बुजवली आणि दुसऱ्या बाजूला आपली नावं कोरली. फोटोत जोडपी ज्या पायरीवर बसतात तिच्या शेजारीच हे सगळं आहे. मी मुलांना वसाहतवाद शिकवते तेव्हा आता हाच फोटो दाखवते.

जेजू: सहा रात्री, कमी नको

पोहांगहून बसने बुसान, तिथून विमानाने तासाभरात जेजू. बेटाची ओळख सांगताना तिथले लोक म्हणतात: वारा, दगड आणि बायका, तिन्ही भरपूर. मुक्काम शहरात न करता पूर्वेला गुजवा किंवा सोंगसानकडे करा. खोली घेताना पलंग आहे की जमिनीवरची गादी, हे विचारा. गुडघ्यांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

'टँजरीन्स' मालिकेचं कोरियन नाव जेजूच्या बोलीत आहे, 'फोक्स्साक सोगात्सुदा'. प्रमाण कोरियन बोलणाऱ्याला ते 'पुरते फसलात' असं ऐकू येतं. जेजूत त्याचा अर्थ 'फार कष्ट घेतलेत हो'. मे महिन्यात झाडाला संत्री नसतात, त्याने हिरमुसू नका. तेव्हा संत्र्याचा मोहोर असतो. संध्याकाळी काळ्या दगडी बांधांच्या वाटेने चाललं की वास वाऱ्याबरोबर येतो आणि जातो. मेच्या मध्यानंतर पश्चिमेकडे लसूण काढणी चालते, शेतात बायका ओळीने बसलेल्या, डोक्याला फडकी.

आणि हेन्यो. ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले, समुद्रवनस्पती काढणाऱ्या बायका. २०१६ मध्ये युनेस्कोने त्यांच्या परंपरेला वारशाचा दर्जा दिला. सोंगसानच्या टेकडीखाली त्यांचं प्रात्यक्षिक होतं, ते बघा, आणि हादोचं हेन्यो संग्रहालय आधी बघा म्हणजे प्रात्यक्षिकातलं जास्त कळेल. पण आम्हाला खऱ्या भेटल्या त्या एका सकाळी किनाऱ्यावरून चालताना. पाण्यावर पाच-सहा नारिंगी गोळे तरंगत होते. कोणी दिसत नव्हतं. मग एका गोळ्याजवळ काळं डोकं वर आलं आणि शिट्टी ऐकू आली, बारीक, लांबट, शेवटी चिरकणारी. पुन्हा दुसरीकडून. वर आल्यावर कोंडलेला श्वास सोडतानाचा हा आवाज, त्याला सुम्बीसोरी म्हणतात. मालिकेत तो मी हेडफोन लावून ऐकला होता. इथे तो वाऱ्यात अर्धा विरून येत होता. आई दगडावर बसली आणि मोजत राहिली: बुडी मारल्यापासून शिट्टीपर्यंत किती आकडे होतात. एकदा ती सत्तर म्हणाली आणि उठून उभी राहिली, मग शिट्टी आली. फोटो मात्र काढायचा तर लांबून, आणि त्या पाण्याबाहेर येऊन ओझं उतरवत असतील तेव्हा मध्ये जायचं नाही. ते त्यांचं काम आहे.

खर्च आणि परतीचा दिवस

दोघींचा मिळून तीन लाख तीस हजारांच्या आसपास खर्च आला. विमान मुंबईहून एका थांब्याचं, दोघींचं शहाण्णव हजार. राहणं चौऱ्याऐंशी हजार, साध्या गेस्टहाउसमध्ये. जेवण साठ हजारांत बसलं ते कुकरमुळे. देशांतर्गत प्रवास पस्तीस, व्हिसा आणि विमा पंधरा, उरलेले चाळीस हजार तिकिटं, हानबोक आणि आईने सगळ्यांसाठी घेतलेले मोजे. मोजे तिकडे फार सुंदर आणि स्वस्त मिळतात, आणि सतत बूट काढावे लागत असल्याने तुम्हालाही चांगले लागतील.

शेवटच्या दोन रात्री सोलमध्येच ठेवा, जेजूहून थेट परतीचं विमान गाठायचा बेत करू नका. वारा किंवा धुकं पडलं की बेटावरची विमानं रद्द होतात. आमचं सकाळचं रद्द झालं आणि आम्ही रात्री निघालो, हाताशी दोन दिवस असल्याने धावपळ झाली नाही. त्या दोन दिवसांत हान नदीकाठी चटई भाड्याने घेऊन बसा. तेवढंच करा.

टी-मनी कार्डातली शिल्लक संपवायची घाई करू नका, ती पुढच्या वेळी चालते. आईचं कार्ड तिच्या पर्समध्ये बसच्या पासशेजारी आहे. त्यात चार हजार तीनशे वॉन आहेत.